खालून फेकलेला बॉल आणि खांद्याचा हिशेब



या मालिकेत आपण एरवी लढायांविषयी, किल्ल्यांविषयी, तोफांविषयी बोलतो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब आज भलतीकडेच गेले. आज मी सॉफ्टबॉलविषयी बोलणार आहे. त्यातही एकाच गोष्टीविषयी : पिचर मुलगी बॉल कसा फेकते, आणि तिला तो कसा फेकायला शिकवलं जातं. या गोष्टीलाही इतिहास आहे. तो मला माहीत नव्हता म्हणून माझ्या घरात एक चूक झाली. ती माझ्याच हातून झाली, त्यामुळे आधी तीच सांगतो.

आम्ही इंदूरला राहतो. माझी नात ईरा बारा वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी ती शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळायला लागली आणि उंचीमुळे तिला पिचर केलं. निवृत्त माणसाला काम हवंच असतं. मी तोफखान्यातला माणूस. लक्ष्य, अंतर, नेमबाजी हे शब्द ऐकले की अजून कान टवकारतात. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या जागेत मी एक जुना टायर टांगला, चाळीस फूट मोजून चुन्याची रेघ मारली आणि रोज सकाळी नातीचा सराव सुरू केला. आधी शंभर बॉल, मग दीडशे, मग दोनशे. रविवारीसुद्धा सुट्टी नाही. सराव म्हणजे सराव.

पाचव्या महिन्यात माझ्या सुनेच्या लक्षात आलं की ईरा वेणी घालताना उजवा हात वर नेत नाही, मान वाकवून कसंबसं उरकते. मी म्हटलं, "अगं, थोडं दुखणारच. हे काही फास्ट बोलिंग नाही. खालून फेकण्यानं खांद्याला काही होत नसतं." हे वाक्य मी अगदी खात्रीनं बोललो. मला ते कोणी सांगितलं होतं? सगळ्यांनीच. मैदानावरच्या सरांनी, इतर पालकांनी, आणि माझं मलाही ते पटलेलंच होतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं आणि ईरा कळवळली. दंडाच्या स्नायूची जी दोरी खांद्यात जाते, तिला सूज होती. डॉक्टरांनी विचारलं, "किती बॉल टाकते?" मी म्हटलं, "दोनशे." ते म्हणाले, "आठवड्याला?" मी म्हटलं, "रोज."

ते काही बोलले नाहीत. सहा आठवडे फेकणं बंद, एवढंच कागदावर लिहिलं. घरी येताना गाडीत ईरा म्हणाली, "आबा, तुम्ही तर म्हणाला होतात की खालून फेकल्यावर दुखत नाही." माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ते शोधण्यात ते सहा आठवडे गेले, आणि जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रश्न असा की, खालून फेकणं निर्धोक असतं हा समज आला कुठून?

आपल्या ओळखीच्या खेळापासून सुरुवात करू. क्रिकेट जन्मलं तेव्हा सगळीच गोलंदाजी खालून होती. १८२२ साली लॉर्ड्सवर जॉन विल्स नावाच्या गोलंदाजानं हात खांद्याच्या रेषेत आणून चेंडू टाकला, पंचांनी नो-बॉल दिला, आणि गडी रागानं मैदान सोडून गेला. १८३५ मध्ये तशा गोलंदाजीला परवानगी मिळाली आणि १८६४ मध्ये हात पूर्ण वर नेऊन टाकायला. त्यानंतर खालून टाकणं हळूहळू मागे पडलं. १ फेब्रुवारी १९८१ ला मेलबर्नला ट्रेव्हर चॅपेलनं न्यूझीलंडविरुद्ध शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत सोडला, तेव्हा जगभर छी-थू झाली. बेसबॉलचंही तसंच. आधी तिथेही हात खालूनच यायचा. अमेरिकेच्या नॅशनल लीगनं १८८४ मध्ये वरून फेकायला मुभा दिली. १८९३ मध्ये पिचरचं अंतर वाढवून ६० फूट ६ इंच केलं, ते आजतागायत तेवढंच आहे.

म्हणजे एकोणिसावं शतक संपताना दोन्ही मोठ्या खेळांत खालून फेकणं जुनं झालं होतं. जुनं म्हणजे सोपं, सोपं म्हणजे मुलाबाळांचं, असं लोकांच्या मनात बसलं. आणि नेमक्या याच काळात सॉफ्टबॉल जन्माला येत होता.

तारीख आहे २४ नोव्हेंबर १८८७, अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा दिवस. शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण हार्वर्ड आणि येल यांच्यातल्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची तारेनं येणारी बातमी ऐकायला जमले होते. येल जिंकलं. त्या आनंदात एकानं बॉक्सिंगचा ग्लोव्ह दुसऱ्याच्या अंगावर भिरकावला आणि त्यानं तो काठीनं टोलावला. तिथे जॉर्ज हॅन्कॉक नावाचा वार्ताहर होता. त्यानं ग्लोव्ह दोरीनं बांधून बॉल केला, जमिनीवर खडूनं चौकोन आखला आणि खेळ सुरू झाला. बाहेर थंडी, आत सभागृह. असा हा बंद खोलीतला बेसबॉल. बॉल मोठा आणि मऊ, घेर सोळा इंच. पिचरनं तो खालून अलगद द्यायचा, कारण खोलीत जोरात फेकून खिडक्या कोण फोडणार?

पुढे १८९५ च्या सुमारास मिनिआपोलिसच्या अग्निशमन दलातला अधिकारी लुई रोबर यानं आपल्या जवानांना ठाण्यावर बसून कंटाळा येऊ नये म्हणून असाच खेळ मैदानावर आणला. लष्करात राहिलेल्या माणसाला हे लगेच समजतं. काम नसलेल्या जवानाला खेळ लागतो. त्या खेळाला कुठे 'किटन बॉल' म्हणत, कुठे 'मश बॉल', कुठे 'डायमंड बॉल'. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ मध्ये डेन्व्हरच्या वॉल्टर हॅकन्सन यांनी सुचवलं. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी मोठी स्पर्धा भरली, त्याच वर्षी अमेरिकेची सॉफ्टबॉल संघटना उभी राहिली आणि ठिकठिकाणचे नियम एकत्र आले.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. सोळा इंचांचा मऊ बॉल, बंद खोली, अलगद फेक. या खेळात पिचरच्या खांद्याला काही होत नाही हे म्हणणं अगदी बरोबर होतं. पण खेळ बदलला. बॉलचा घेर बारा इंचांवर आला. नाव सॉफ्ट राहिलं, बॉल मात्र टणक झाला. आज तो साधारण १८० ते २०० ग्रॅमचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठाही आणि जडही. अलगद देणारा हात आता पूर्ण वर्तुळात फिरू लागला. त्याला तिकडे 'विंडमिल' म्हणतात, म्हणजे पवनचक्की.

सैन्याच्या इतिहासात आपण हे अनेकदा पाहिलं आहे. हत्यार बदलतं, पण हत्याराविषयीचा समज बदलायला दुसरी पिढी लागते. १९१४ साली मशीनगन आलेली होती, तरी सेनापतींच्या डोक्यात संगिनींचा हल्लाच होता. किंमत मोजली ती खंदकातल्या पोरांनी. सॉफ्टबॉलमध्ये हेच झालं, फक्त किंमत शाळकरी मुलींच्या खांद्यांनी मोजली.

पवनचक्की फेक किती वेगवान असते? दोन प्रसंग सांगतो. एडी फेगनर हा अमेरिकन मरीन दलात राहिलेला पिचर. १९४६ पासून तो स्वतःसह फक्त चार खेळाडूंचा संघ घेऊन गावोगाव फिरला आणि पूर्ण संघांना हरवत राहिला. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवरच्या एका प्रदर्शनी सामन्यात त्यानं विली मेज, रॉबर्टो क्लेमेंटे, हार्मन किलब्रू यांच्यासह बेसबॉलच्या सहा नामांकित फलंदाजांना ओळीनं बाद केलं. त्याआधी १९६१ मध्ये कनेटिकट राज्यातल्या वॉटरबरीला जोन जॉयस ही विशीतली तरुणी टेड विल्यम्सपुढे उभी राहिली. विल्यम्स म्हणजे बेसबॉलच्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांपैकी एक. त्याला तिचा बॉल धड लागेचना. शेवटी तो बॅट टाकून निघून गेला.

जॉयसची पद्धत पवनचक्कीची नव्हती, तिला 'स्लिंगशॉट' म्हणतात. आपल्याकडची बेचकी आठवा. रबर मागे ताणायचं आणि सोडायचं. तसा हात मागे वर न्यायचा आणि त्याच वाटेनं झपकन पुढे आणायचा. पवनचक्की मात्र बेचकी नाही, ती गोफण आहे. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकताना गोफण गरगर फिरवतात आणि नेमक्या क्षणी एक टोक सोडतात, तेच तत्त्व. हळूहळू बेचकी मागे पडली आणि गोफण जिंकली.

वेगाचा हिशेब सोपा आहे. मोठ्या बायकांच्या सामन्यात पिचरची पट्टी प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे तेरा मीटरच्या थोडं पुढे असते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा बॉल हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. ताशी १४५ किलोमीटरच्या बेसबॉललाही साडेसाठ फूट जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. फलंदाजाच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच.

१९६५ मध्ये मेलबर्नला बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ऑस्ट्रेलियानं अमेरिकेला हरवलं. भारतातही याच दशकात, १९६१ साली, जोधपूरला सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे हा खेळ राजस्थान, मध्य प्रदेश, पंजाब, केरळ आणि विशेषतः आपल्या महाराष्ट्राच्या शाळा-कॉलेजांत रुजला. १९९६ मध्ये तो ऑलिंपिकमध्ये आला. पहिली तिन्ही सुवर्णपदकं अमेरिकेनं नेली.

आणि मग आली युकिको उएनो. ऑगस्ट २००८, बीजिंग. जपानची ही पिचर तेव्हा सव्वीस वर्षांची होती. २० तारखेला तिनं एकाच दिवसात दोन सामने टाकले. अमेरिकेविरुद्ध नऊ डाव, त्यात हार. मग त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा डाव, त्यात जीत. दोन्ही मिळून ३१८ बॉल. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात तिनं आणखी ९५ बॉल टाकले आणि जपाननं अमेरिकेला ३-१ नं हरवलं. एकूण ४१३. जपानमध्ये हा आकडा आजही लोकांच्या तोंडी आहे.

मी ईराला हीच गोष्ट सांगत असे. उएनो दोन दिवसांत चारशे टाकते, तुला दोनशे जड वाटतात का? इतिहासाचा असा वापर करणं किती धोक्याचं असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. वीराची गोष्ट सांगावी, पण ती रोजचा नियम म्हणून लादू नये. एका पूर्ण वाढ झालेल्या, अनेक वर्षं तयार झालेल्या खेळाडूनं दोन दिवस जिवाचं रान केलं, त्यावरून बारा वर्षांच्या पोरीचा रोजचा रतीब ठरत नाही.

आता विज्ञान काय म्हणतं ते पाहू. अमेरिकेच्या १९८९ च्या कॉलेज स्पर्धेतल्या आघाडीच्या संघांमधल्या २४ पिचरची माहिती गोळा केली गेली, आणि १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. २४ पैकी २० जणींना दुखापती झाल्या होत्या. १९९८ मध्ये संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी पवनचक्की फेक मोजली. कोपरावर आणि खांद्यावर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या ७० ते ९८ टक्क्यांपर्यंत निघाला. १९९६ च्या ऑलिंपिकमधल्या पिचरचं चित्रीकरण करून २००६ मध्ये निष्कर्ष आले : हात खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढणारा जोर सरासरी वजनाच्या ८० टक्के. २००९ मध्ये दंडाच्या स्नायूची हालचाल मोजली गेली, तेव्हा वरून फेकण्यापेक्षा पवनचक्कीत तो स्नायू जास्त राबतो असं दिसलं, आणि सगळ्यात जास्त राबतो तो बॉल सुटण्याच्या जरा आधी, हात खाली येताना.

हे वाचताना मी थांबलो. डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं ती हीच दोरी.

गोफणीत दगडाची ओढ दोरी सोसते. इथे दोरी म्हणजे हात आणि दोरीची गाठ म्हणजे खांदा. ओढ वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ओढ चौपट. ऑलिंपिकचं प्रमाण चाळीस किलोच्या मुलीला लावून पाहा. एका क्षणापुरती सुमारे बत्तीस किलोची ओढ, म्हणजे पाण्यानं भरलेल्या दोन मोठ्या बादल्या एका हाताला लटकाव्यात तशी. ईराचा वेग अर्थातच तेवढा नव्हता, पण रोज दोनशे वेळा, आणि वाढत्या वयाच्या खांद्याला. हा हिशेब मी आधी मांडला नव्हता. तोफेची नळी किती गोळ्यांनंतर बदलायची याची वही मी आयुष्यभर ठेवली, नातीच्या खांद्याची ठेवली नाही.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की बेसबॉलमध्ये ही वही सक्तीची झाली. अमेरिकेच्या लिटल लीगनं २००७ पासून मुलांनी दिवसाला किती बॉल टाकायचे याची वयानुसार मर्यादा घातली. सॉफ्टबॉलच्या मुलींना मात्र तशी मर्यादा पुष्कळ काळ नव्हतीच, कारण तोच जुना समज, खालून फेकतात ना! पुढे क्रीडावैद्यकांनी मार्गदर्शक आकडे सुचवले : एका सामन्यात आठ ते दहा वयाला ५० बॉल, दहा ते बाराला ६५, तेरा-चौदाला ८०, पंधरापासून पुढे १००. आणि सलग दोन दिवस टाकल्यावर विश्रांती.

पण नुसते बॉल कमी करून भागत नाही. फेकण्याची रीतही बघावी लागते. इथे शिकवण्याचा इतिहास आडवा येतो.

अनेक वर्षं मुलींना असं शिकवलं गेलं : हात खाली येताना तळवा मागे ठेवा, बॉल सोडताना मनगट झटका, आणि शेवटी कोपर वर उचलून कॅचरला दाखवा. अमेरिकेत याला 'हॅलो एल्बो' म्हणतात, म्हणजे कोपरानं केलेला नमस्कार. त्याच्या जोडीला सांगायचं की बॉल सोडताना कंबर पूर्ण फिरवून समोर आणा, दार आपटून बंद करावं तशी. हे शिकवणारे लबाड नव्हते. त्यांनी चांगल्या पिचरचे फोटो पाहिले होते, आणि फोटोत शेवटी कोपर वर दिसत होतं. त्यांनी शेवट पाहिला आणि तोच शिकवला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा घोटाळा ओळखीचा आहे. परिणामाला कारण समजायचं.

मग वेगवान कॅमेरे स्वस्त झाले आणि हल्ली तर ते प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. उत्तम पिचरची फेक संथ करून पाहिली की वेगळंच दिसतं. मी अशा कितीतरी फेका पुन्हा पुन्हा पाहिल्या. मोठ्या स्पर्धांत टिकणाऱ्या बहुतेकींचं साम्य असं :

मागचा पाय जमिनीला ढकलतो आणि शरीर सरळ रेषेत पुढे झेपावतं. हात डोक्यावर असताना छाती बाजूला वळलेली, उघडी असते. पुढचा पाय टेकतो तो घट्ट, गुडघा फारसा ढिला न पडता, आणि तिथे शरीराचा पुढे जाण्याचा वेग अडतो. धड ताठ राहतं, कमरेतून पुढे वाकत नाही. कोपर किंचित वाकलेलं असतं आणि ते हाताच्या पुढे खाली येतं. दंड शरीराजवळ येऊन मंदावतो, पुढचा हात कमरेच्या बाजूला घासून जातो, आणि त्याच क्षणी हात आतल्या बाजूला वळत बॉल सुटतो. कंबर तेव्हा अर्धीच वळलेली असते, त्यामुळे हाताला जायला जागा राहते. त्यानंतर हात सैल सोडलेला, जाईल तिकडे जाऊ दिलेला.

पोतराजाचा आसूड पाहिला असेल तर हे समजेल. मूठ थांबते म्हणून टोक फटकारतं. पाय थांबला की कंबर, कंबर मंदावली की दंड, दंड मंदावला की पुढचा हात, असा वेग पुढे पुढे जातो. मधला एक दुवा निकामी असला, तर त्याचं काम पुढच्याला करावं लागतं. पाय आळशी असले की खांदा राबतो. ईराचं नेमकं हेच होत होतं.

शेवटच्या सैल हाताविषयी मी तोफखान्याच्या भाषेत सांगतो. गोळा सुटला की नळी मागे येते. ती मागे येण्यासाठी यंत्रणा मुद्दाम दिलेली असते, धक्का तिथे मुरतो. ती यंत्रणा अडकली तर तो सगळा धक्का गाड्यावर येतो आणि गाडा मोडतो. बॉल सुटल्यावर हात ठरावीक जागी झटकन अडवायचा म्हणजे ती यंत्रणाच अडकवायची.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी खांद्याच्या पात्याचे आणि पोटाचे व्यायाम दिले होते, ते ईरानं निमूट केले. बैठका तिनं माझ्याबरोबर घातल्या. टायर मी काढून टाकला. त्या जागी दोरीवर जुनी गोधडी टांगली आणि चाळीस नव्हे, पंधरा फुटांवरून सुरुवात केली. नेम धरायचा नाही, जोर लावायचा नाही. पहिले दोन आठवडे वर्तुळ नाहीच. नुसता हात कमरेशी घासून बॉल सोडायचा. मग अर्धं वर्तुळ, मग पूर्ण. जमिनीवर खडूची सरळ रेघ, पाऊल तिच्यावर पडतं का हे पाहायला. एका वेळी एकच गोष्ट सुधारायची. पाय पाहायचे त्या दिवशी हाताविषयी अवाक्षर काढायचं नाही. हा शेवटचा नियम मला सर्वांत जड गेला.

आठवड्यातून तीनच दिवस, आधी तीस बॉल, मग चाळीस. प्रत्येक दिवसाचा आकडा वहीत. वही तिच्याकडे, माझ्याकडे नाही. "दुखतंय" असं ती म्हणाली की सराव संपला, त्यावर चर्चा नाही.

मी मैदानावरच्या सरांनाही जाऊन भेटलो. तक्रार घेऊन गेलो नाही, फोन घेऊन गेलो. त्यांना संथ केलेली चित्रं दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "साहेब, आम्हाला जसं शिकवलं तसंच आम्ही शिकवतो." त्यांची काय चूक? मीही तेच केलं होतं, आणि त्यांच्या एवढाही अनुभव नसताना. पुढच्या महिन्यात त्यांनी संघात आणखी दोन मुलींना पिचिंग शिकवायला घेतलं, म्हणजे सगळा भार एकीवर नको. यापेक्षा मोठी सुधारणा मी सुचवू शकलो नसतो.

चार महिन्यांनी ईरानं एका स्थानिक सामन्यात दोन डाव टाकले. फार काही चमकली नाही. चार जणींना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं, एक बॉल तर कॅचरच्या डोक्यावरून गेला. दोन डावांनंतर तिनं स्वतःच सरांकडे बॉल दिला आणि दुसरी मुलगी आली. घरी आल्यावर तिनं वहीत एकावन्न हा आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली, दोन्ही हात वर करून. माझी सून दारात उभी राहून पाहत होती.

जाता जाता उएनोच्या गोष्टीचा उरलेला भाग सांगतो, कारण मी तो आधी ईराला सांगितला नव्हता. बीजिंगनंतर दोन ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल नव्हताच. तो परत आला टोकियोला, २०२१ मध्ये. तेव्हा उएनो एकोणचाळीस वर्षांची होती. २७ जुलैला योकोहामाला अंतिम सामना, समोर पुन्हा अमेरिका. सुरुवात उएनोनं केली. मग मधल्या वेळात मिउ गोतो ही वीस वर्षांची पिचर आली आणि अवघड प्रसंग तिनं निभावला. शेवटच्या डावाला उएनो परतली आणि जपान २-० नं जिंकलं.

पहिलं सुवर्ण तिनं एकटीच्या खांद्यावर पेललं, दुसरं खांदे वाटून घेऊन. आपण पहिलीच गोष्ट मुलांना सांगतो, कारण ती ऐकायला भारी वाटते. ईराला मी आता दोन्ही सांगतो. तिला दुसरी जास्त आवडते, कारण त्यात गोतो आहे.

तुमच्या घरात, शेजारात, शाळेत कोणी मुलगी पिचिंग करत असेल, तर आज एवढंच करा : ती आठवड्याला किती बॉल टाकते ते तिला विचारा, आणि आकडा लिहून ठेवा.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेवर येऊ. तोवर नमस्कार. जय हिंद.